झोपलेली कार्नेशन्स

माझ्या सासूबाईंना संशय घ्यायला कारण लागत नसे. पोस्टमन शीळ घालत आला तर त्याने वाटेत पत्र फोडून वाचलंय, आणि मुकाट आला तर पत्रात काय वाईट आहे ते त्याला ठाऊक आहे. शेजारच्या तेओफिलने नमस्कार केला तर तो काहीतरी मागायला येणार, नाही केला तर काहीतरी चोरून नेलंय. अशा बाईच्या मुलीशी मी लग्न केलं, आणि वर नोकरी धरली ती कारखान्याच्या गॅसलाइनवर. म्हणजे आगीतून निघून फुफाट्यात पडावं तसं झालं.

अपोलोनिया त्यांचं नाव. नवरा गेल्यापासून घरामागचं काचघर त्या एकट्याच चालवत. खाजगी काचघरवाले म्हणजे लुटारू, असं गावाचं मत. सगळं गाव आपल्यावर जळतं, असं सासूबाईंचं मत. दोन्हींत थोडं थोडं तथ्य होतं. काचघरात फक्त कार्नेशन्स, आणि तीही एका दिवसासाठी. आठ मार्चला, महिला दिनाला, आमच्याकडे प्रत्येक बाईच्या हातात एक कार्नेशन पडतं. नवरा विसरला तरी कारखाना विसरत नाही. एकोणऐंशी साली आमच्याच कारखान्याने आपल्या बायकांसाठी सासूबाईंकडे सहाशे फुलं सांगून ठेवली होती.

माझं काम चालायचं. कारखान्यातून निघालेली इथिलीनची लाइन आमच्या गावच्या शेतांखालून नदीपर्यंत जाते आणि पलीकडच्या कारखान्यात त्या गॅसचं प्लॅस्टिक होतं. ह्या गॅसला रंग नाही. वास असलाच तर किंचित गोडसर. पण एक ठिणगी मिळाली की मग ओळख पटवायलाही माणूस उरत नाही. म्हणून रोज एकाने नऊ किलोमीटर चालायचं, वाटेतल्या चार व्हॉल्व्हच्या चेंबरमध्ये उतरायचं, सांध्यांना दाढीच्या ब्रशने साबणाचं पाणी लावायचं आणि बुडबुडे येतात का ते बघायचं. थंडीत साबणाचं पाणी गोठू नये म्हणून बाटली बनियनच्या आत ठेवायची. मग रजिस्टरमध्ये वेळ लिहायची, 'ठीक' लिहायचं आणि सही करायची. खोटी सही सापडली तर माणूस लाइनवरून जातो, कधी नोकरीवरूनही जातो, आणि नोकरीबरोबर कारखान्याचा फ्लॅट जातो. माझ्या आधीचा माणूस असाच गेला होता. त्याच्याच फ्लॅटमध्ये मी, माझी बायको लुत्सिना आणि आमची दोन वर्षांची मुलगी राहत होतो.

त्या हिवाळ्यात बर्फाने कहर केला होता. फेब्रुवारीच्या पाच तारखेला सासूबाईंनी चर्चमधून संत आगाताची भाकरी मंत्रून आणली. आगीपासून राखण करते म्हणतात. एक तुकडा काचघराला ऊब देणाऱ्या भट्टीवर ठेवला, एक माझ्या हातात.

"खिशात ठेवा, जावईबापू. तुमच्या त्या साबणाचा काय भरवसा!"

'जावईबापू' म्हटलं की पुढे टोमणा, हे ठरलेलं. मी तुकडा कोटाच्या खिशात टाकला आणि विसरलो.

नऊ तारखेला त्यांच्या नावाचा सण, संत अपोलोनियाचा दिवस. आमच्याकडे वाढदिवस विसरला तर चालतो, नावाचा दिवस विसरून चालत नाही. मी खास भेट ठरवली होती. दुसऱ्या व्हॉल्व्हजवळ एक उजाड बाग आहे, मालक युद्धात गेला तो परत आलाच नाही. तिथल्या झाडांची करडी खरबरीत सफरचंदं मी ऑक्टोबरमध्ये काढून तळघरात पेंढ्यात घातली होती. फेब्रुवारीत त्यांची साल सुरकुतते आणि आत मध उतरतो. एक अख्खं खोकं, वीस किलोचं, मी आदल्या दिवशीच गावात तेओफिलकडे नेऊन ठेवलं होतं.

त्या दिवशी वारा असा, की बर्फ आडवा येत होता. पहिला व्हॉल्व्ह केला, दुसरा केला. तिसरा अल्डरच्या झाडीमागे, दलदलीच्या कडेला आहे. त्याच्यासाठी दोन किलोमीटरचा वळसा पडतो. मी झाडीच्या तोंडाशी उभा राहिलो. शुक्रवार होता, म्हणजे मांस नाही, सासूबाईंकडे हेरिंग मासा मांडलेला असणार, खसखशीचा रोल कापलेला असणार, आणि उशीर झाला तर 'जावईबापूंना आमच्याकडे यायचं जड जातं' हे वर्षभर ऐकावं लागणार. व्हॉल्व्ह काल ठीक होता, परवा ठीक होता, आजच काय त्याला धाड भरणार आहे? मी तिथेच हातमोजा काढला आणि, वळसा घेऊन पोचलो असतो ती वेळ धरून, लिहिलं: क्रमांक तीन, अडीच वाजता, ठीक. खाली सही. मग परस्पर चौथा व्हॉल्व्ह करून गाव गाठलं.

अडीचला मी तिसऱ्या व्हॉल्व्हवर नव्हतो, आणि तीनला सासूबाईंच्या दारात खोकं घेऊन उभा होतो. तिथून तिथे येईपर्यंत सशालासुद्धा दीड तास लागला असता. हा हिशेब त्या दिवशी कोणी केला नाही, असं मला वाटलं.

"कुठली?" सासूबाईंनी खोक्यात न बघताच विचारलं.

"जुन्या बागेतली, आई. तुमच्यासाठी राखून ठेवली होती."

"तुमच्या लाइनवरची ती बाग?"

"लाइन जमिनीखाली आहे, आई."

"मुळंही जमिनीखालीच असतात," त्या म्हणाल्या. पण पाहुणे बघत होते, म्हणून "देव तुमचं भलं करो" असंही म्हणाल्या आणि खोकं आत घेऊन गेल्या. मला बरं वाटलं. चार वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातचं काही त्यांनी परत ढकललं नव्हतं.

दोन आठवड्यांनी, शनिवारी सकाळी, लुत्सिना धापा टाकत कारखान्याच्या फाटकाशी आली. "सेवेरिन, आईची फुलं झोपली."

काचघरवाल्यांत हा शब्द भुताच्या नावासारखा हळू आवाजात उच्चारतात. कार्नेशन झोपलं म्हणजे पाकळ्या आत वळतात, फूल मिटतं आणि पुन्हा उघडत नाही. पाणी द्या, ऊब द्या, ते उठत नाही. मी गेलो तेव्हा सासूबाई वाफ्यांमध्ये उभ्या होत्या. लाल फुलांच्या ओळीच्या ओळी माना खाली घालून होत्या. भट्टीजवळच्या भागातलं एकही फूल उघडं नव्हतं. त्या रडत नव्हत्या, ते बघून मला जास्त वाईट वाटलं.

पहिल्यांदा त्यांचा संशय तेओफिलवर गेला. त्याने कुंपणावरून धूर सोडला असेल. तेओफिलची टोमॅटोची रोपं त्याच्या खिडकीच्या काचेपलीकडे हिरवीगार उभी होती, हा त्यांच्या लेखी पुरावाच. मग पाद्रीबाबांच्या स्वयंपाकीणबाईवर, तिने गेल्या आठवड्यात फुलांकडे बघून "वा, काय सुरेख" म्हटलं होतं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि नजर तिथेच थांबली.

"गॅसने फुलं झोपतात," त्या म्हणाल्या. "माझे सासरे सांगायचे. शहरात रस्त्यावर गॅसचे दिवे होते तेव्हा माळ्यांची फुलं अशीच झोपायची. तुमची लाइन माझ्या कुंपणापासून किती लांब आहे, जावईबापू?"

"चारशे मीटर. आणि लाइन ठीक आहे, आई. रोज बघतो आम्ही."

"रोज?"

एवढंच विचारलं. पण माझ्या मनात पाल चुकचुकली. ही बाई तीन वाजताचं माझं दारात येणं विसरलेली नाही.

मी तिथून तडक तिसऱ्या व्हॉल्व्हवर गेलो. पाळी माझी नव्हती. मांडीपर्यंत बर्फ तुडवत, दलदलीचा काळा चिखल बुटांना लावून घेत गेलो. चेंबरमध्ये उतरलो, ब्रश काढला. प्रत्येक सांध्याला फेस लावला आणि श्वास रोखून बघत बसलो. एकही बुडबुडा नाही. पुन्हा लावला. नाही. मग साबणावरच संशय आला, म्हणून हातावर घासून बघितला. चांगला फेस येत होता. खिशात रुमाल शोधताना आगाताच्या भाकरीचा दगड झालेला तुकडा हाताला लागला, आणि मी तो चक्क पाइपच्या सांध्यावर, फ्लँजवर ठेवला. माणसाची मती गेली की काय काय करतो!

व्हॉल्व्ह सुका होता, तरी मला चैन पडेना. नऊ तारखेला सुका होता हे मला कुठे माहीत होतं? त्या दिवशी थंडीने सांधा आखडला असेल, एक दिवस गळला असेल, पुन्हा बसला असेल. असं होत नाही, हे मी नव्या पोरांना स्वतः शिकवलं होतं. पण चोराच्या मनात चांदणं. लाइनवरचे दुसरे दोघं माझ्याशी नेहमीसारखं बोलले तरी मला वाटायचं, ह्यांना कळलंय.

बुधवारी फोरमन व्रोनांनी मला बोलावलं. त्यांच्यापुढे वहीच्या पानावर, शाळकरी अक्षरात लिहिलेला सासूबाईंचा अर्ज होता. 'गॅस सुटतो आहे. माझी फुलं मेली. उद्या माणसं मरतील. लाइन बघणारा माझा जावई आहे, त्याला विचारा तो काय बघतो.'

"घरचाच आहेर आहे," व्रोना म्हणाले. "काय रे, सासूशी भांडलास काय?"

"त्यांना भांडायला मी लागत नाही, साहेब."

ते हसले, पण रजिस्टर उघडून बोट फिरवत राहिले. "उद्या प्रयोगशाळेच्या लुडविकाबाईंना घेऊन जाऊ. नळ्यांत हवा भरून आणतील. तूही चल."

त्या रात्री लुत्सिनाला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आईला माहीत आहे तू किती वाजता आलास. तिच्या तोंडाला कुलूप नाही."

"माहीत आहे."

"आपण जायचं कुठे, सेवेरिन?"



दुसऱ्या दिवशी लुडविकाबाई आल्या. बुटकी, जाड भिंगांची, गुडघ्यापर्यंत फेल्टचे बूट. तीस वर्षं त्या गॅसच मोजत आल्या होत्या. त्यांनी कुंपणाशी हवा घेतली, अंगणात घेतली, काचघरात तीन ठिकाणी घेतली, आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर आपली पेटी उघडून तासभर नळ्यांशी खेळत बसल्या. सासूबाई त्यांच्या हातांवरून डोळा काढत नव्हत्या. नळ्या बदलतील म्हणून.

"बाहेर काही नाही," लुडविकाबाई शेवटी म्हणाल्या. "कुंपणाशी नाही, अंगणात नाही."

"म्हणजे झाकपाक सुरू झाली," सासूबाई म्हणाल्या.

"थांबा बाई. आत आहे. इथिलीनच आहे. थोडं आहे, पेटण्याइतकं नाही, पण फुलांना पुरेसं आहे."

व्रोनांनी माझ्याकडे बघितलं. काचघरात इथिलीन!

"बघा!" सासूबाईंनी टेबलावर हात आपटला. "मी काय सांगत होते?"

"पण ते बाहेरून आलेलं नाही," लुडविकाबाई म्हणाल्या. "लाइनमधून आलं असतं तर आधी अंगणात सापडलं असतं. भट्टीचा धूर आत येतो का ते बघितलं, येत नाही. दोन आठवडे थंडीमुळे तुमच्या काचा बंद आहेत. आतच काहीतरी ते सोडतंय." त्यांनी चष्मा पुसला. "अपोलोनियाबाई, आत फळं पिकत ठेवलीत का कुठे? सफरचंद पिकताना हाच गॅस सोडतं. अगदी हाच. उबेत तर जास्तच."

"माझ्या काचघरात फळं?" सासूबाई ताठ झाल्या. "मी काय कालची आलेली आहे? तिथे कार्नेशनशिवाय..." आणि त्या थांबल्या.

चार वर्षांत त्यांना वाक्य अर्धं सोडताना मी बघितलं नव्हतं.

मी उठलो आणि काचघरात गेलो. बाकीचे मागून आले. दारातच तो वास आला, किंचित गोडसर. इतके दिवस मी त्याला फुलांचा समजलो होतो. नाकाच्या मागे मागे भट्टीजवळच्या टेबलाखाली वाकलो. दोन पोती घातलेली. पोती ओढली. माझंच खोकं होतं. एकही सफरचंद कमी झालेलं नव्हतं. फक्त सगळी पिवळीधमक होऊन मऊ पडली होती.

"तुम्ही एकही खाल्लं नाही, आई?"

त्या वाफ्याकडे बघत होत्या. "गॅसवरची होती."

"मग फेकायची होती!"

"अन्न फेकू? ऐन नावाच्या सणाला आलेलं?" आता त्यांना आवाज सापडला. "डुकराला देणार होते. पण डुक्कर मेलं तर? घरात ठेवली तर लुत्सिना विचारणार, का खाल्ली नाहीत. म्हणून इथे ठेवली. मला काय माहीत ती श्वास घेतात!"

तेओफिल सुटला, स्वयंपाकीणबाई सुटली, लाइनही सुटली. संशय येऊन त्यांनी सफरचंदं लपवली, आणि लपवलेल्या सफरचंदांनी सहाशे फुलं मारली. खाल्ली असती तर काही झालं नसतं. मला हसू यायला हवं होतं. पण ती बाई आपल्या मेलेल्या फुलांमध्ये उभी होती आणि तिला कोणावर ओरडायचं ते कळत नव्हतं, आणि मला तिची फार दया आली.

व्रोना मात्र रजिस्टर बगलेत घेऊन आले होते. "एवढं एक राहिलं," ते म्हणाले. "अर्ज आला की मला महिनाभराच्या फेऱ्यांचं वर लिहून द्यावं लागतं. सफरचंदं नावाच्या सणाला आली म्हणालात. म्हणजे नऊ तारीख. बाई, जावई किती वाजता आला होता?"

काचेवर बर्फाचं पाणी टपटपत होतं. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं होतं, नऊ तारखेला तीन वाजता माझ्या बुटांना दलदलीचा चिखल दिसला नाही तेव्हापासूनच कळलं होतं. त्यासाठीच अर्ज लिहिला होता. आता फक्त तोंड उघडायचं होतं.

"अंधार पडल्यावर," त्या म्हणाल्या. "पाच वाजून गेले होते. रोल संपत आला होता, मी त्याला कडेचा तुकडा दिला."

व्रोनांनी मान डोलावली आणि पेन काढलं.

मी सुटलो होतो. गप्प बसलो असतो तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण त्या रोज सकाळी चर्चला जाणाऱ्या बाईने माझ्यासाठी तोंड खोटं केलं होतं, आणि ईस्टरच्या आधी पाद्रीबाबांपुढे गुडघे टेकून तिला ते पाप म्हणून सांगावं लागणार होतं. आणि मी उद्याही ब्रश घेऊन त्या व्हॉल्व्हवर जाणार होतो, नव्या पोरांना शिकवणार होतो.

"तीन वाजता आलो होतो, साहेब," मी म्हटलं. "तिसऱ्या व्हॉल्व्हला त्या दिवशी गेलोच नाही. सही खोटी आहे."

व्रोनांचं पेन थांबलं. लुडविकाबाई एकाएकी पेटीची कडी लावण्यात गुंतल्या.

"गाढवा!" सासूबाई किंचाळल्या. जावईबापू नाही, तुम्ही नाही. "सेवेरिन, अरे गाढवा! साठ वर्षांत पहिल्यांदा खोटं बोलले, तेही वाया घालवलंस!"

व्रोना मला बाहेर अंगणात घेऊन गेले. "व्हॉल्व्ह सुका निघाला हे तुझं नशीब," ते म्हणाले. "आणि तोंडाने सांगितलंस म्हणून फ्लॅट राहील. पण लाइन गेली. ड्रम धुवायला जा. हिवाळ्यापर्यंत तोंड दाखवू नकोस." मी मान खाली घातली. रागावायला जागाच नव्हती.

आठ मार्चला कारखान्यातल्या बायकांना दुसऱ्या गावचे ट्यूलिप मिळाले. सासूबाईंनी झोपलेली फुलं उपटून खतात घातली, आणि सफरचंदंही त्यांच्यावरच ओतली. माझ्याशी त्या जूनपर्यंत बोलल्या नाहीत. फुलांसाठी नव्हे, वाया गेलेल्या खोट्यासाठी. मी दहा महिने ड्रम धुतले, आणि डिसेंबरात व्रोनांनी ब्रश आणि बाटली परत माझ्या हातात दिली.

नऊ फेब्रुवारीला पाळी माझीच आली. पहिला केला, दुसरा केला, तिसरा केला, चौथा केला. सासूबाईंच्या दारात पोचलो तेव्हा काळोख झाला होता. आतून पाहुण्यांचा गलका येत होता. माझ्या खांद्यावर खोकं होतं, जुन्या बागेतलंच. लुत्सिना म्हणाली होती, वेडा आहेस का? पण मी दुसरं काही नेणार नव्हतो.

सासूबाईंनी दार अर्धंच उघडलं आणि वाटेत उभ्या राहिल्या.

"बूट," त्या म्हणाल्या.

मी एक पाय वर केला. त्या वाकल्या, नखाने तळाचा चिखल खरवडला आणि दिव्याखाली धरला. अल्डरच्या झाडीमागच्या दलदलीचा चिखल काळाभोर असतो. आमच्या गावात तसला दुसरीकडे कुठे नाही. त्यांनी तो बोटांत चोळला, हुंगला, मग एप्रनला हात पुसला.

मग खोक्यातलं एक सफरचंद उचललं आणि तिथेच, उघड्या दारात, वारा आत येत असताना, पाहुणे "दार लावा" म्हणून ओरडत असताना, चावा घेतला. माझ्याकडे बघत बघत सावकाश चावलं. गिळलं.

"आंबट आहे," त्या म्हणाल्या. "आत ये, सेवेरिन."